तेतेच्या नाकापलीकडे

नेनेने माझ्यापुढे ताट ठेवलं. ताटात कसावा नावाच्या कंदाचे चार उकडलेले तुकडे आणि एक मासा होता. मासा माझ्या करंगळीहून थोडा मोठा. घरातले आणि शेजारपाजारचे मिळून अकरा जण भिंतीला टेकून बसले होते आणि मी तो मासा कसा खाते ते बघत होते.

“खा नोना,” बापा योसियास म्हणाले. ते गावचे प्रमुख. “आज समुद्राने एवढंच दिलं.”

“आणि तुम्ही सगळे?”

“आम्हाला भूक नाही.”

तेवढ्यात मागून कुणीतरी ढेकर दिली. बापांनी वळून असं काही बघितलं की दुसरी ढेकर ज्याच्या गळ्यापर्यंत आली होती त्याने ती तशीच गिळली.

मी दोन घासांत मासा संपवला आणि डोकं दारातल्या मांजरापुढे टाकलं. मांजर उठलं, त्याने डोकं हुंगलं, माझी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि ते पुन्हा जागेवर जाऊन पसरलं.

मी आचऱ्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या वासात वाढलेली मुलगी. मांजर माशाचं डोकं सोडून जातं तेव्हा ते एकतर आजारी असतं, नाहीतर तुडुंब जेवलेलं असतं. हे मांजर आजारी नव्हतं. चालताना त्याचं पोट जमिनीला लागत होतं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, हेमांगी कुबल, तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकून सिंगापूरच्या एका मासळी कंपनीत कंत्राटावर चिकटले होते. कंपनीला इंडोनेशियाच्या पूर्वेला, बांदा समुद्रातल्या एखाद्या लांबच्या बेटावर तळ हवा होता. तिथे बर्फाची मोठी बोट उभी करायची आणि आसपासची सगळी मासळी उचलायची. त्यासाठी मला नुसावेलाला पाठवलं होतं. बेटाचं नाव मी बदललं आहे. का ते पुढे कळेल, तोवर नकाशात शोधत बसू नका. माझ्या अहवालावर तळ ठरणार होता आणि आमचे तान साहेब निघताना म्हणाले होते, “बेट ‘हो’ निघालं तर परत येशील तेव्हा तुझं कायम नोकरीचं पत्र टेबलावर असेल.” त्या पत्राकडे मी दोन वर्षं डोळे लावून बसले होते.

बेटावर बेचाळीस घरं, एक चर्च, एक गळकी शाळा आणि चौदा दिवसांतून एकदा येणारी बोट. बोलायला माझी दोन महिन्यांच्या वर्गात शिकलेली मोडकीतोडकी इंडोनेशियन, आणि तिला ठिगळं लावायला वेल्मी. वेल्मी बापांची मुलगी, एकोणीस वर्षांची, अंबोन शहरात बारावी झालेली. ती मला ‘उसी’ म्हणायची, म्हणजे ताई. बाकीचे ‘नोना’ म्हणायचे, म्हणजे बाई. आजीला तिथे नेने म्हणतात. “नेने वाट बघतायत,” हे धक्क्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोकणातलं कुणीतरी माझ्या आधीच येऊन बसलंय. बापांची आई, नेने फ्रान्सिना, सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, पानसुपारीने ओठ लाल झालेली. मी उतरले होते ते तिच्याच घरी.

दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर बापा मला होडीतून घेऊन गेले. पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. बापांनी गळ टाकला आणि ते आकाशाकडे बघत बसले. तासभर झाला. दीड तास झाला. मी न राहवून दोरी हातात घेतली आणि वर ओढली.

“बापा, गळाला आमिषच नाही.”

“नसतंच,” बापा शांतपणे म्हणाले.

“मग मासा लागणार कसा?”

“इथले मासे फार हुशार झालेत, नोना. आमिष दिसलं की पळतात. म्हणून आम्ही लावत नाही.”

हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले की क्षणभर मलाच माझ्या पदवीची शंका आली. बारा वाजता आम्ही रिकाम्या हाताने परतलो. किनाऱ्यावर बायका ओळीने उभ्या होत्या. होडी रिकामी बघून त्यांनी एकदम “अरेरे” केलं. सगळ्यांचं “अरेरे” एका दमात सुरू झालं आणि एका दमात संपलं. चर्चमध्ये दर रविवारी कोरसची तालीम असते, तेही बापांच्या हाताखाली, हे मला नंतर कळलं.

दुपारभर मी घरोघर फिरून विचारपूस केली. सगळीकडे उत्तर एकच. मासे गेले. कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. एक गृहस्थ तर डोळे पुसत म्हणाले, “मासा कसा दिसतो ते माझी पोरं विसरली.” त्यांच्या कोपराला खवला चिकटला होता, नखाएवढा, ताजा, उन्हात चमकणारा. मी वहीत लिहिलं, ‘मासे नाहीत,’ आणि पुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी वेल्मी मला किनाऱ्याने फिरायला घेऊन गेली. गावाच्या पूर्वेला एक काळा खडक समुद्रात पुढे आला होता, म्हाताऱ्याचं बसकं नाक असावं तसा. त्याला ते ‘तेतेचं नाक’ म्हणत. तेते म्हणजे आजोबा. त्या नाकाच्या अगदी शेंड्याशी पाण्यात दोन खांब रोवले होते आणि खांबांना माडाच्या कोवळ्या झावळ्या बांधल्या होत्या.

“हे काय?”

“सासी,” वेल्मी म्हणाली. “नाकापलीकडचा समुद्र बंद आहे. गळ नाही, जाळं नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. गावाने मिळून बंद केला. दोन वर्षं झाली.”

“उघडणार कधी?”

“पुढच्या वर्षी. एक आठवडा. सगळं गाव एकदम उतरतं.” मग ती हसली. “पुढच्या वर्षी मी अंबोनला जाणार, उसी. नर्सिंगला.”

“आणि कुणी मध्येच आत गेलं तर?”

“राखणदार शिक्षा करतो.”

आमच्याकडेही प्रत्येक जागेला राखणदार असतो, पण तो दिसत नाही. नारळ ठेवला की त्याचं भागतं. इथला राखणदार कोण म्हणून विचारलं, तर वेल्मीने मागे बोट केलं. नेने फ्रान्सिना वाळूत उपड्या घातलेल्या होडीवर बसून सुपारी चघळत होती आणि आमच्याकडे बघत होती.

पुढचे तीन दिवस तसेच गेले. सकाळी बिनआमिषाचा गळ, दुपारी “अरेरे”, जेवायला कसावा. मासा रोज थोडाथोडा लहान होत गेला. चौथ्या दिवशी तर तो कसाव्याच्या तुकड्याखाली शोधावा लागला. घरात रात्रंदिवस भाजलेल्या मासळीचा वास भरलेला असायचा आणि मी विचारलं की नेने म्हणायची, “शेजारच्या बेटावरून वारा आलाय.” शेजारचं बेट तीस मैलांवर होतं आणि वारा उलट दिशेने वाहत होता.

मला राग येत होता, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. मासे नाहीत म्हणून लिहिलं तर पत्र गेलं. आहेत म्हणून लिहावं तर पुरावा नव्हता. हे लोक मला वेड्यात काढतायत हे कळत होतं, पण का काढतायत ते कळत नव्हतं. बर्फाची बोट आली तर यांचंच भलं होणार होतं. निदान माझ्या अहवालाच्या पहिल्या पानावर तसं छापलेलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी एकटीच निघायचं ठरवलं. ओहोटी होती. पाण्यात बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी पिशवीत घालून मी मागच्या दाराने बाहेर पडले, तर विहिरीपाशी नेने उभी. तिचा लुंगीसारखा सारोंग कमरेपर्यंत ओला होता आणि त्यातून पाणी निथळत होतं. गुडघे दुखतात म्हणून म्हाताऱ्या बायका सकाळी खाऱ्या पाण्यात उभ्या राहतात, तसं काही असावं असं मला वाटलं.

“कुठे निघालीस?”

“अशीच. फिरायला.”

“जा, जा,” ती म्हणाली. “भरती दुपारी आहे. सावकाश फीर.”

इतक्या दिवसांत कुणी मला एकटीला दहा पावलं जाऊ दिलं नव्हतं. सुटका झाली म्हणून मी पिशवी छातीशी धरून भरभर चालत सुटले.

तेतेच्या नाकापाशी आले आणि थबकले. झावळ्यांचे खांब शेंड्याशी नव्हते. ते बरेच पुढे होते, चांगली शंभर-सव्वाशे पावलं पलीकडे. दुसऱ्या दिवशी मी ते संध्याकाळच्या उजेडात पाहिले होते, तेही भरतीच्या वेळी. अंदाज चुकला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मला तसं समजायचंच होतं. खांबांच्या अलीकडचा समुद्र उघडा म्हणजे उघडा. मी चष्मा चढवला आणि पाण्यात शिरले.

आत काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी नळीतून ओरडले आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला. माशांना माझी भीती नव्हती. ते माझ्या बोटांमधून जात होते. बाबांच्या तोंडून लहानपणी जे ऐकलं होतं आणि जे मला म्हातारपणाची अतिशयोक्ती वाटायचं, ते सगळं तिथे गुडघाभर पाण्यात फिरत होतं.

तासाभराने बाहेर येताना मी तळाचा एक शंख उचलला. भोवऱ्यासारखा, तळहातात न मावणारा. याला तिथे लोला म्हणतात आणि याची बटणं बनतात. एकच उचलला. तान साहेबांच्या टेबलावर ठेवायला पुरावा हवा होता.

किनाऱ्यावर उपड्या होडीवर नेने बसली होती. शेजारी बापा योसियास, वेल्मी आणि गावातली पाचसहा वडीलधारी माणसं. मी शंख पाठीमागे लपवला. सत्तावीस वर्षांची बाई, कंपनीची प्रतिनिधी, आणि मी शंख पाठीमागे लपवला.

“दाखव,” नेने म्हणाली.

मी दाखवला.

“कुठून आणलास?”

“खांबांच्या अलीकडून. उघड्या समुद्रातून.”

“खांब कुठे आहेत?”

“ते काय, तिथे पुढे...” मी वळून बोट केलं आणि बोट हवेतच राहिलं. ओले झालेले दोन तरुण नाकाजवळून गावाकडे चालत जात होते आणि खांब तेतेच्या नाकाच्या शेंड्याशी होते. दुसऱ्या दिवशी होते तिथेच. झावळ्या वाऱ्यावर हलत होत्या.

“पाण्यातून दिसताना गोंधळ होतो,” बापा समजूतदारपणे म्हणाले. “मोठ्यामोठ्यांचा होतो.”

मी वाद घातला. इंडोनेशियन संपली तेव्हा इंग्रजीत घातला, आणि इंग्रजी संपली तेव्हा मालवणीत. वेल्मी मान खाली घालून भाषांतर करत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी रडतेय.

शिक्षा ठरलेली होती. आत जाणाऱ्याने उचललेली वस्तू गळ्यात बांधायची, पत्र्याचा डबा वाजवत गावातून फिरायचं आणि प्रत्येक दारापुढे ओरडायचं, “मी बंद समुद्रात गेले. माझ्यासारखं करू नका.”

“मी पाहुणी आहे,” मी म्हणाले.

“म्हणून वेताची छडी नाही,” नेने म्हणाली. “डबा आण गं वेल्मी.”

बिस्किटांचा चौकोनी डबा आला. त्याला आधीच बरेच पोचे होते, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही. गळ्यात शंख, हातात डबा आणि लाकडी डाव, अंगावर ओले कपडे, अशी मी निघाले. पहिल्या पाच दारांपुढे माझा आवाजच फुटेना. सहाव्या दारातली बाई म्हणाली, “ऐकू आलं नाही, पुन्हा.” मी पुन्हा ओरडले. दहाव्या दारापाशी कोपराला खवला असलेले गृहस्थ भेटले. ते म्हणाले, “ताल चुकतोय,” आणि त्यांनी डबा घेऊन ताल दाखवला. विसाव्या दारात एका म्हातारीने मला शहाळं दिलं. माझ्या मागे आता पंचवीस-तीस माणसं चालत होती आणि माझी ओळ संपली की सगळी मिळून चर्चच्या सुरात “करू नका” म्हणत होती. तिसाव्या दाराशी मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. चाळिसाव्या दारापुढे तर मी काय ओरडले ते माझं मलाच कळलं नाही.

डबा खाली ठेवल्यावर नेनेने मला उपड्या होडीवर शेजारी बसवलं. कोवळ्या झावळीची एक पट्टी फाडून तिने माझ्या मनगटावर बांधली. आता कुणी हसत नव्हतं.

“ही दुसरी शिक्षा,” ती म्हणाली. “बंद समुद्रात तू जे पाहिलंस ते बंद. समुद्र उघडेपर्यंत तुझ्या तोंडावर सासी.”

“आणि मी नाही पाळली तर?”

“तर काही नाही. आम्ही पोलीस नाही.” तिने लांब पाण्याकडे हात केला. “शेजारचं बेट आहे ना, माझी थोरली बहीण तिथे दिली होती. तिथे एक कंपनी बर्फ घेऊन आली. पहिल्या वर्षी सगळ्यांनी घरांवर नवे पत्रे घातले. चौथ्या वर्षी बर्फ होता, मासे नव्हते. आता पत्रे आहेत, माणसं नाहीत.”

नेनेने माझ्याकडे वळून बघितलं.

“तुझा बाप मासे धरतो?”

“धरायचा.”

“आता?”

आता बाबा किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रात्रीचे पहारेकरी होते. त्याआधी त्यांची रापण होती. साठ माणसं दोन बाजूंनी दोर धरून ते जाळं किनाऱ्याला ओढायची आणि जो दोराला हात लावेल त्याला वाटा मिळायचा. मी सहा वर्षांची असताना दोराचं शेपूट धरायची आणि मलाही दोन बांगडे मिळायचे. मग मोठ्या बोटी आल्या. रापणीच्या जाळ्यात आधी मासळी येईना, मग ओढायला माणसं येईनात, आणि शेवटी ते जाळं पडवीत उंदरांनी खाल्लं. बाबांनी मला शिकवलं आणि मी शिकून त्याच मोठ्या बोटींच्या जातभाईंकडे नोकरीला लागले. हे सगळं मला इंडोनेशियनमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “आता नाही धरत,” आणि मला रडू कोसळलं. नेनेने माझी पाठ थोपटली नाही की डोळे पुसले नाहीत. तिने मला सुपारी दिली.

“वेल्मीचं शिक्षण, शाळेचं छप्पर, सगळं त्या नाकापलीकडे आहे,” ती म्हणाली. “आता तुला माहीत आहे. चल, जेवायला.”

त्या दुपारपासून गावाला भूक लागायला सुरुवात झाली. चुलींच्या मागून, माचांच्या खालून, पाण्याच्या पिंपांतून मासे बाहेर आले. उघड्या समुद्रातले, रोजचे, धुरावलेले, भाजलेले, लिंबू-मिरचीत बुडवलेले. साबूच्या चिकट खिमटीबरोबर माशांचं पिवळं कालवण मी तीन तीन वाडगे प्यायले. बापांनी गळाला आमिष लावलं. बोटीला अजून आठ दिवस होते आणि ते आठ दिवस मी मांजराच्या शेजारी पसरून काढले. आम्ही दोघंही आता माशाच्या डोक्याकडे ढुंकून बघत नव्हतो.

निघताना वेल्मी धक्क्यावर आली. माझ्या पिशवीत शंख नव्हता, तो मी नेनेला परत दिला होता.

“उसी, काय लिहिशील?”

मी मनगट वर करून पट्टी दाखवली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोटीची शिट्टी होईपर्यंत सोडला नाही.

सिंगापूरला तान साहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला. पत्र टेबलावर होतं, मला लिफाफा दिसत होता.

“काहीच नाही?”

“काहीच नाही, सर.”

“चौदा दिवस तू काय खाल्लंस?”

“कसावा.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझा स्कर्ट त्या दिवशी बटणाऐवजी सेफ्टी पिनेवर तगला होता.

“कसाव्याने माणूस एवढा जाड होतो?”

“फार होतो, सर. स्टार्च असतो.”

त्यांनी लिफाफा खणात ठेवला आणि खण बंद केला. महिन्याभराने माझं कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही. मी घरी फोन केला.

“काय गो, गावलो काय मासो त्या बेटार?” बाबांनी विचारलं.

“बाबा, माझा तोंड बंद आसा.”

बाबांच्या पाठीमागे समुद्राचा आवाज येत होता.

“म्हणजे भरपूर आसा,” बाबा म्हणाले. “बरा केलंस. आता घराक ये.”

त्यानंतर मी एका संस्थेत लागले, किनाऱ्यावरच्या गावांसाठी काम करणाऱ्या. पगार अर्धा, पण कायम. नुसावेलाचा समुद्र पुढच्या वर्षी उघडला असणार आणि पुन्हा बंद झाला असणार. माझं तोंड उघडायला कुणी आलं नाही, म्हणून मी ते बंदच ठेवलं. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. मी मासेमाऱ्याची पोर, आणि भर उजेडात मला दोन खांब नीट दिसले नाहीत. माझी मलाच लाज वाटायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी कोचीला एका कार्यशाळेत जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी रुवान नावाचे श्रीलंकेचे गृहस्थ आले. पूर्वी ते एका दुसऱ्या मासळी कंपनीत होते. बोलता बोलता बांदा समुद्राचा विषय निघाला.

“चार वर्षांपूर्वी मला तिथल्या एका बेटावर पाठवलं होतं,” ते म्हणाले. “काही नाही हो तिथे. ओसाड समुद्र. मी अहवालात स्पष्ट लिहिलं.” आणि बोलताना त्यांचा हात आपोआप पोटावरून फिरला.

मी चमचा खाली ठेवला. “बेटाचं नाव?”

त्यांनी नाव सांगितलं. मी ते इथे सांगणार नाही.

“रुवान,” मी हळूच विचारलं, “तुम्ही डबा वाजवलात का?”

त्यांचा चेहरा पडला. मग लाल झाला. मग त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातली वाळून पिवळी पडलेली झावळीची पट्टी टेबलावर ठेवली. मीही पर्समधून माझी काढून तिच्या शेजारी ठेवली.

“डबा नव्हता,” ते म्हणाले. “पातेलं होतं. डबा वाजवून वाजवून फुटला, असं ते म्हणाले.”

“फुटला?”

“हो. मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, की तो एवढा वाजवला कुणी.” ते थोडे पुढे झुकले. “तुम्हाला एक सांगू? मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी मुद्दाम नियम मोडला नव्हता. माझा खांबांचा अंदाज चुकला. मी पोहायला शिकलो ते समुद्रात, आणि मला दोन खांब...”

“नाकाच्या पुढे होते. शंभर-सव्वाशे पावलं.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“पाण्यात माझा पाय पोवळ्याने कापला,” ते सावकाश आठवत म्हणाले. “बाहेर आलो तर गावातली नर्स उपड्या होडीवर बसलेलीच होती. पट्टी आणि पातेलं घेऊन. वेल्मी नाव तिचं. म्हाताऱ्या आजीनंतर आता राखणदारी तिच्याकडे आहे म्हणाली. तिने इतक्या मायेने पाय बांधला की मला तिच्यावर रागावताच आलं नाही. बिचारीचा पांढरा गणवेश कमरेपर्यंत भिजलेला होता.”

“पाऊस होता का त्या सकाळी?” नेनेचा निथळता सारोंग आठवून मी विचारलं.

“नाही हो,” रुवान म्हणाले, “कडक ऊन होतं,” आणि वाक्य संपता संपता त्यांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच राहिलं.